झालीस ना नर्स, आता पुरे!

(खडवली परिसरातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर एका परिचारिका-शिक्षिकेनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

तुम्ही मला बोलावलंत तेव्हा विषय दिलात, ‘मुली आणि आरोग्यक्षेत्रातलं शिक्षण’. तो मी आज जरा आखूड करून घेणार आहे. बारावीनंतर मुलीनं नर्सिंगला जावं की डॉक्टरकीला, फी किती, प्रवेश कसा, हे सांगणारे पुष्कळ झालेत. कल्याण स्टेशनाबाहेरच्या क्लासच्या पाट्या वाचत चाललं तरी तेवढं ज्ञान मिळतं. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. बी.एस्सी. नर्सिंग झाली, आता एम.एस्सी. एम.बी.बी.एस. झाली, आता एम.डी. किंवा एम.एस. या दोन पदव्यांच्या मधे वर्षा-दोन वर्षांची एक मोकळी जागा असते. आपल्या मुली हरवतात त्या या जागेत. नापास होऊन हरवत नाहीत, घरात पेढे वाटले जात असताना हरवतात.

पहिली पदवी घराला कळते. पगार सुरू होतो, नावाआधी डॉक्टर लागतं, स्थळं बरी येतात. दुसरी पदवी नेमकी कशासाठी, हे घराला उमगत नाही. “झालीस ना नर्स, आता पुरे!” हे वाक्य मी इतक्या वडिलांच्या, भावांच्या, सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं की मला ते आधीच ऐकू येतं. आणि खरं सांगायचं तर आयांच्या तोंडूनही ऐकलंय. त्या बिचाऱ्या म्हणतात, “बाई, तिच्यामागे दोघी आहेत अजून.” या आईला मी दोष देत नाही. तिचा हिशोब खरा असतो. पण तो तिला एकटीला करावा लागतो, आणि म्हणूनच मी आज मंडळांपुढे बोलते आहे.

आधी शिडी समजून घेऊ. नर्सिंगमध्ये ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर तो केलेल्या असतात. जी.एन.एम. तीन वर्षांचा. हे दोन्ही पदविका-प्रमाणपत्राचे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची, ती पदवी. जी.एन.एम. झालेलीला पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. त्यानंतर एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षं. तिथं पाच शाखा: वैद्यकीय-शल्यचिकित्सा, समाज आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य आणि मानसिक आरोग्य. प्रवेशाला भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानं पदवीला ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे बी.एस्सी. झाली की लगेच एम.एस्सी.ला बसता येत नाही. ते एक वर्ष नोकरी करायचीच असते.

आता नीट बघा, हा नियम वाईट नाही. वॉर्डात वर्षभर राबल्याशिवाय पुढचं शिकण्यात अर्थ नाही, असं माझंही मत आहे. पण त्या एका वर्षात काय काय होतं? मुलगी बावीस-तेवीसची. पहिला पगार हातात येतो, घराला त्याची सवय लागते. भावाची फी, बँकेचा हप्ता, घराचा पत्रा, सगळं त्या पगारावर उभं राहतं. त्याच वर्षी स्थळं येतात. अनुभवाचं वर्ष संपतं तेव्हा ती पुढच्या शिक्षणाला पात्र झालेली असते आणि त्याच दिवशी तिला मोकळीक उरलेली नसते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हे नसणार. पण आपल्या डोळ्यासमोर तर आहे!

मी स्वतः जी.एन.एम. करून लागले. अकरा वर्षांनी पोस्ट बेसिक केलं, त्यानंतर एम.एस्सी. ज्या रुग्णालयात होते त्याचं नाव घेत नाही, पण तिथं मी पुढं शिकायला रजा मागितली तेव्हा मला सांगण्यात आलं की तुम्ही शिकून आल्यावरही इंजेक्शन तेच देणार आहात. हे सांगणाऱ्याही बाईच होत्या. त्यांचं म्हणणं सोडून द्यायचं नाही, कारण प्रश्न खरा आहे. दुसरी पदवी घेतल्यावर बदलतं काय? इंजेक्शन तर तेच.

माझ्यापुरतं सांगते. आधी मी रजिस्टर भरत होते. बाळंतीण आली, बाळंत झाली, घरी गेली. काही वेळा नाही गेली. तेही लिहीत होते. एम.एस्सी.ला प्रबंध करावा लागतो. त्यासाठी जुनी रजिस्टरं पुन्हा उघडली आणि पहिल्यांदा असा प्रश्न विचारला की ही बाई इथं पोचायला इतका उशीर का झाला? कुठल्या गावाहून आली, कुठल्या वाहनानं आली, आधी कुठल्या दवाखान्यानं परत पाठवली? ही माहिती माझ्याच हस्ताक्षरात होती. पण तिच्यावरून काही म्हणण्याचा अधिकार तोवर माझ्याकडे नव्हता. पहिली पदवी काम करायला शिकवते. काम असंच का चाललंय हे विचारायची मुभा दुसरीपासून मिळायला लागते. नर्सिंग महाविद्यालयात प्राध्यापक किंवा प्राचार्य व्हायचं तरी एम.एस्सी. लागतेच. म्हणजे पुढच्या सिस्टर कशा घडवायच्या हेही तिथूनच ठरतं.

ही काही माझी एकटीची गोष्ट नाही, आणि आजचीही नाही. डॉ. जेरुशा झिराड हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? (दोन-तीन हात वर.) बरं, म्हणजे सांगायलाच हवं.

बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, मायबोली मराठी. ठाण्यात त्यांची जुनी वस्ती आहे, सिनेगॉग आहे. आडनावातलं झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव. जेरुशाबाई पुण्यात शाळेत शिकल्या. लहानपणी बहीण आजारी पडली, तिला मुंबईच्या कामा हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिथल्या बायका डॉक्टर बघून या मुलीनं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, आणि याच हॉस्पिटलात यायचं. ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या १९१२ साली एल.एम.एस. झाल्या. तो त्या काळचा पहिला टप्पा. पुढं शिकायला इंग्लंडला जायचं, तर सरकारची शिष्यवृत्ती होती, पण ती पुरुषांसाठी. गुण कमी पडले असते तर गोष्ट निराळी. इथं बाई असणं आड आलं. त्या टाटांच्या निधीतून कर्जाऊ रक्कम घेऊन गेल्या. पुढं भारत सरकारनं त्यांना शिष्यवृत्ती दिली. अशी शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या बाई. १९१९ साली लंडनला प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झाल्या.

परत आल्यावर पुढं कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिल्या. १९६६ साली पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. मुंबई शहरात बाळंतिणी कशानं मरतात याची त्यांनी तपासणी केली आणि १९४१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. बायका बाळंतपणात मरतात हे कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. नशीब म्हणत होते, देवाची करणी म्हणत होते. एका बाईनं बसून प्रत्येक मृत्यूचं कारण विचारलं. एल.एम.एस.वर थांबल्या असत्या तर चांगल्या डॉक्टर झाल्याच असत्या, त्यात शंका नाही. हा प्रश्न त्यांना अधिकारानं विचारता आला असता का, याची मला शंका आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कल्याणच्या आनंदीबाईंना विसरलात का? नाही विसरले. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. पण एक गंमत लक्षात घ्या. अमेरिकेत एम.डी. ही पहिलीच पदवी असते. आपल्याकडे एम.बी.बी.एस. पहिली आणि एम.डी. दुसरी. म्हणजे आनंदीबाईंना पहिली पायरी चढायलाच समुद्र ओलांडावा लागला, आणि पुढची पायरी समोर येण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयानं त्या गेल्या. वय २१. तरीही प्रबंध लिहिला होता तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांच्याच काळातल्या रखमाबाईंनी, नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभं राहून सगळा देश हलवला, मग लंडनला शिकल्या, आणि एम.डी.साठी ब्रुसेल्स गाठलं. दर वेळी दार दुसऱ्याच देशात.

आज दार इथंच आहे. ठाणे जिल्ह्यात कळव्याला महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ साली राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यातलं एक आपल्या अंबरनाथला. तिथं शंभर जागा. चांगलंच झालं. पण या जागा पहिल्या पदवीच्या आहेत. महाविद्यालय नवं असलं की पदव्युत्तर जागा यायला वर्षं लागतात. घराजवळ पहिली पदवी मिळण्याची सोय वाढते, दुसरीसाठी मात्र मुलीला पुन्हा गाव सोडावं लागतं. आणि पाच वर्षं रोज लोकलनं घरी येणाऱ्या मुलीला लांब पाठवायला घर तयार होत नाही. एम.बी.बी.एस.च्या वर्गात आता निम्म्याच्या आसपास मुली दिसतात. शस्त्रक्रिया किंवा अस्थिरोग विभागाच्या वरच्या वर्गात जाऊन बघा, आणि मोजा.

डॉक्टर मुलींच्या बाबतीत या मधल्या जागेचं रूप कसं असतं? साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इन्टर्नशिप. सरकारी महाविद्यालयातून शिकली तर एक वर्षाची बंधपत्राची सेवा, नाहीतर दंड. मग नीट पी.जी. ही परीक्षा, आणि तिच्यासाठी वर्षभर घरी बसून अभ्यास. घरात चोवीस-पंचवीस वर्षांची डॉक्टर मुलगी पुस्तक घेऊन बसलेली असणं ही गोष्ट किती घरांना पचते? मुलगा बसला तर तो ‘पी.जी.ची तयारी करतोय’. मुलगी बसली तर ती ‘सध्या घरीच आहे’. सध्या घरीच आहे म्हटलं की पाहुण्यांचा चहा तिनं करायचा, वहिनीचं बाळ तिनं सांभाळायचं, आणि शनिवार-रविवार बघायला येणाऱ्यांसमोर तिनं बसायचं.

त्यात परीक्षेची तारीखसुद्धा धड नाही. २०२१ साली एप्रिलमधली परीक्षा सप्टेंबरात झाली. २०२४ साली २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री, २२ तारखेला, पुढं ढकलली आणि ११ ऑगस्टला घेतली. मुलं परगावच्या केंद्रावर पोचली होती. आता विचार करा, ज्या घरानं मुलीला सांगितलं असेल की जूनपर्यंत काय तो अभ्यास कर, जुलैत साखरपुडा, त्या घरात त्या रात्री काय झालं असेल. लग्नाची तारीख कुणी ढकलत नाही. हॉलचे पैसे भरलेले असतात.

मला एक मुलगी माहीत आहे, कसारा लाईनवरचीच, गाव सांगत नाही. पहिल्या प्रयत्नात तिला हवी ती शाखा मिळाली नाही. दुसऱ्या प्रयत्नासाठी तिनं सहा महिने मागितले. सासरचे होणारे लोक सज्जन, म्हणाले लग्नानंतर शिकू देऊ. ‘शिकू देऊ’ हे दोन शब्द मला फार घाबरवतात. देणारा कधीही परत घेऊ शकतो. आज ती एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीची मेडिकल ऑफिसर आहे. पगार घरी येतो, पुस्तकं माळ्यावर आहेत. सासूबाई अजूनही म्हणतात, आम्ही कधी नाही म्हटलं? आणि खरंच, त्यांनी कधीच नाही म्हटलेलं नाही.

आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी करणाऱ्या मुलींचंही थोड्याफार फरकानं हेच. त्यांच्या परीक्षा वेगळ्या, मधली जागा तीच.

आता कुणी म्हणेल, हा शिकलेल्या मुलींचा प्रश्न झाला, आमच्या बचत गटातल्या बाईचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. शहापूरच्या बाजूच्या पाड्यावरून बाळंतपणाला निघालेली बाई आठवा. शहापूरहून कल्याण किंवा उल्हासनगर, तिथून कळवा, कळव्याहून मुंबई. प्रत्येक ठिकाणी कागदावर एकच शब्द: रेफर. का रेफर? भूल देणारे नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञ रजेवर, बालरोगतज्ज्ञाची जागा रिकामी. ही सगळी दुसऱ्या पदवीची माणसं. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीप्रमाणे देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत, गरजेच्या सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. पाचात एक. आपल्या भागातली एम.बी.बी.एस. झालेली मुलगी भूलतज्ज्ञ न होता थांबते, तेव्हा फक्त तिचं नुकसान होत नाही, रुग्णवाहिकेतल्या बाईचंही होतं. भातसेचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या बायकाही कळा देत देत त्याच रस्त्यानं जातात.

म्हणून ‘पुरे’ म्हणणाऱ्या घराशी बोलणं हे काम मंडळाचं आहे. पण घराशी बोलताना आपण एक गोष्ट लपवायची नाही. तिथली परिस्थिती चांगली आहे असं खोटं सांगायचं नाही. आईवडील घाबरतात, आणि त्यांची भीती खुळी नाही.

जळगावकडची डॉ. पायल तडवी. तडवी भिल्ल समाजातली. मिरजेला एम.बी.बी.एस. केलं आणि मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला आली. २२ मे २०१९ रोजी तिनं जीव दिला. वरच्या वर्गातल्या तीन डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, त्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला, आरोप न्यायालयापुढे आहेत. पायलच्या आईनं, आबेदा तडवी यांनी, रोहित वेमुलाच्या आईबरोबर, राधिका वेमुला यांच्याबरोबर, २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शिक्षणसंस्थांमधल्या जातिभेदाविरुद्धचे नियम कागदावर आहेत, ते अमलात आणा, ही त्यांची मागणी. दोन आया, आपापलं मूल गमावलेल्या, दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिल्लीच्या कोर्टात उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, बौद्ध घरातून जी मुलगी एम.बी.बी.एस.पर्यंत पोचते, तिची आई ही बातमी वाचत नसेल असं समजू नका. पहिल्या पदवीत दीडशेजणांचा वर्ग असतो, मैत्रिणी असतात, वसतिगृहातली एखादी खोली आपल्यासारख्यांची असते. दुसऱ्या पदवीत ती एका विभागात, एका युनिटमध्ये, चार-सहा माणसांच्या हाताखाली जाते. वरच्या वर्षाची व्यक्ती तिची शिक्षकही असते, मुकादमही असते आणि ड्युटी लावणारीही तीच. तक्रार कुणाकडे करायची?

कलकत्त्याला आर.जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ ला जिच्यावर बलात्कार करून खून केला, तीही पदव्युत्तर शिकणारीच होती. सलग ड्युटी करून थोडं आडवं व्हायला सेमिनार हॉलमध्ये गेली, कारण बायकांना विश्रांतीची खोली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं त्यानंतर राष्ट्रीय कृती दल नेमलं. आपल्या मुंबईत के.ई.एम.मध्ये अरुणा शानभाग प्रकरण १९७३ साली झालं होतं. मधे एक्कावन्न वर्षं. कपडे बदलायला आणि पाठ टेकायला सुरक्षित जागा हवी, ही मागणी आपण नर्सेसनी तेव्हापासून किती वेळा केली असेल!

कामाच्या तासांचंही तेच. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम सहसा करू नये, असं केंद्र सरकारनं १९९२ सालीच लिहून ठेवलंय. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत ‘वाजवी तास’ असा शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. त्याच नियमांत आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला वीस दिवस किरकोळ रजा आहे, आणि सरकारी नियमाप्रमाणे प्रसूतिरजाही आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ मुलींना अजून असं वाटतं की पी.जी. चालू असताना दिवस गेले तर जागाच जाते. जागा जात नाही. रजा नियमाबाहेर वाढली तर अभ्यासक्रम तेवढा पुढं जातो, एवढंच. पण विभागप्रमुख पहिल्याच दिवशी हसत हसत म्हणतात, “तीन वर्षं काही गडबड करायची नाही बरं का.” मुलांना असं कुणी म्हणत नाही, बाप तर तेही होतात. हे हसणं लिहून ठेवा, तारखेसह. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विद्यार्थिनीलाही लागू आहे आणि काम करणारीलाही. पी.जी.ची मुलगी दोन्ही आहे. तिला ‘तू विद्यार्थिनी, तिकडं जा’, ‘तू कर्मचारी, इकडं ये’ असं फिरवू द्यायचं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळतं. एम.एस्सी. नर्सिंगला बहुतेक ठिकाणी तसं काही नाही, म्हणजे पगार सोडून फी भरायची. सरकारी नोकरीत असलेल्या सिस्टरनं अध्ययन रजेचा नियम बघावा, महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१ मध्ये ती आहे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि मागितल्यावर इंजेक्शनचं ऐकावं लागतं, ते मी सांगितलंच. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यात पी.जी.च्या २० टक्के जागा २०२२ पासून ठेवल्यात. आपल्या आरोग्य केंद्रात बंधपत्राचं वर्ष काढणाऱ्या डॉक्टर मुलीला हे सांगा, की सेवेत राहिलीस तर ही वाटही आहे. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. वसतिगृह आणि खानावळ तर नाहीच, आणि घर अडतं ते नेमकं तिथं. बचत गटानं कर्ज देताना शिलाई मशीन, शेळी, पापडाचं यंत्र याच यादीत ‘दोन वर्षांची खानावळ’ का धरू नये? मी गंभीरपणे विचारते आहे. (टाळ्या.) टाळ्या नकोत, ठराव करा.

एजंटांपासून सांभाळा. जी.एन.एम.वरून थेट एम.एस्सी. करून देतो, घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग, कॉलेजला यायची गरज नाही, असं म्हणणारा माणूस भेटला की समजा हा फसवतोय. पोस्ट बेसिक केल्याशिवाय जी.एन.एम.वाली एम.एस्सी.ला बसूच शकत नाही. महाराष्ट्रातलं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, ते अभिमत असेल तर त्याला परवानगी कुणाची, आणि परिषदेच्या यादीत त्या वर्षासाठी नाव आहे का, हे बघून मग पैसे भरा. कसाऱ्याहून नाशिक लांब नाही, वाटल्यास दोघीजणी जाऊन विचारून या.

शेवटी कागदांचं, कारण प्रवेशाच्या खिडकीवर मी सगळ्यात जास्त मुली रडताना बघितल्यात त्या कागदांपायी. लग्नात नाव बदलतात. दहावी-बारावीवर एक नाव, जी.एन.एम. किंवा पदवीवर तेच, आधारवर सासरचं, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तिसरंच. काही ठिकाणी पहिलं नावही बदललेलं, तांदळात लिहिलेलं! मग राजपत्र आणा, प्रतिज्ञापत्र आणा, आणि तोवर फेरी संपते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. मुलीला पुढं शिकायचं असेल तर तिच्या कागदावरचं नाव आहे तसंच राहू द्या. ज्यांचं बदललंय त्यांनी राजपत्रात नोंद आजच करून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात नाही. कौन्सिलची नोंदणी मुदतीत नव्यानं करून घ्या. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरचं चालतं, तेच चालतं. लग्नानं बाईची जात बदलत नाही. ओबीसी मुलीचं नॉन-क्रिमिलेयर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही. तहसील कचेरीत कुणी नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर कुठल्या नियमानं मागता ते लेखी द्या म्हणावं.

आणि हो, मघाशी चिठ्ठीवर एकीनं विचारलंय, एम.एस्सी.च्या अर्जावर नवऱ्याची सही लागते का? नाही लागत, तिची स्वतःची लागते. आता चहा घेऊ. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी माझ्या टेबलाशी या, सव्वापाचची गाडी चुकली तरी चालेल, पुढची आहे.